बिनआवाजाची महायुद्धं

पोंक आला की माझा घसा धरतो.

पोंक म्हणजे आपला हुरडाच हो. पण सुरतवाले त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव घालतात आणि हे जगात फक्त आम्हालाच सुचलं असा चेहरा करून खातात. थंडी पडली की रस्त्याकडेला भट्ट्या लागतात. कोवळ्या ज्वारीचा धुरकट, गोडसर वास आमच्या डिंडोलीपर्यंत येतो आणि माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. मी कपाटातून मफलर काढते. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "आलं वाटतं महायुद्ध!" इतकी वर्षं झाली, तरी त्यांना तो विनोद शिळा वाटत नाही. आणि खरं सांगू, मलाही नाही. कारण त्या एका हिवाळ्याची आठवण आली की अजून माझ्या अंगावर काटा येतो. तो थंडीचा नसतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी धुळ्याची, लग्न होऊन सुरतेला आलेली, आणि उधन्याच्या एका मराठी शाळेत दहावीला इतिहास शिकवायची. नेमणूक तात्पुरती, पण तोरा कायमचा. आवाज असा, की मी वर्गात अशोकाचं राज्य सुरू केलं की शेजारच्या वर्गातल्या भूमितीच्या बाई प्रमेय थांबवून ऐकत बसायच्या. त्याला कारणही होतं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच लूमचं खातं होतं. कापड विणायच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. सकाळपासून खटाक-खट, खटाक-खट. फळा थरथरायचा, खडू हातात थरथरायचा. त्या खटखटीच्या वरताण आवाज काढायचा म्हणजे घशाच्या शिरा ताठ व्हायच्या. पण मला त्याची ऐट होती. लूम मोठी का बाई मोठी, अशी आमची रोजची स्पर्धा चालायची.

मुलं खानदेशातली, मराठवाड्यातली, थोडी विदर्भाकडची. बहुतेकांचे वडील लूमवर, नाहीतर पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, खेळताना हिंदी, आणि वर्गात माझ्यासमोर बिचकत बिचकत पुस्तकी मराठी. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. ही मुलं डोळ्यांत बघायची नाहीत. सगळ्यांची नजर माझ्या तोंडावर. माझा पुढचा एक दात जरा वाकडा आहे, तेव्हा मला वाटायचं की तोच बघतायत मेले. "काय रे, दात मोजताय का माझे?" असं मी ओरडायची. मुलं खाली बघायची आणि मी बोलायला लागले की नजर पुन्हा ओठांवर.

त्या वर्षी थंडी सुरू झाली आणि माझा आवाज फाटायला लागला. आधी खरखर, मग शब्द मध्येच गायब. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, सासूबाईंनी ओव्याचा शेक दिला. शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून आत बघितलं आणि माझी फाईल बाजूला ठेवली.

"बेन, एक महिनो बिलकुल चूप. धीमेथी पण नहीं. कुजबुज तो वधारे खराब." आणि मग मला नीट कळावं म्हणून हिंदीत, "अभी बोलोगी, तो बाद में कभी नहीं बोल पाओगी."

घरी हे कळल्यावर यांनी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं. "घरात शांतता करार झाला," म्हणाले. बोलायच्या जागी आता एक पाटी हाताशी ठेवली होती, तिच्यावर मी लिहिलं, 'तात्पुरता.' पण रात्री ती पाटी पुसताना मनात आलं, ज्या बाईला शिकवण्यापलीकडे काही येत नाही, तिचा आवाज गेला तर तिने काय करायचं? आणि रजा घेतली तर? रजेवर गेलेली तात्पुरती बाई शाळेत परत येत नसते, तिच्या जागी दुसरी बसते. वर दहावीचा अभ्यासक्रम अर्धवट होता. तोंड उघडलं तर आवाज जाणार, नाही उघडलं तर वर्ग जाणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

हेडसर माणूस चांगला. म्हणाले, "बाई, तुम्ही विश्रांती घ्या. पीटीचे सर प्रश्नोत्तरं उतरवून देतील मुलांना." मी पाटीवर लिहिलं, 'दोन्ही महायुद्धं राहिली आहेत.' सर म्हणाले, "ती काय, पळून जातात का?" मी पुन्हा लिहिलं, 'मला फळ्यावर लिहून शिकवू द्या.' त्यांनी पाटी माझ्या हातात परत दिली. "आठवडाभर बघू," म्हणाले. "नाही जमलं तर मात्र रजा."

पहिल्या दिवशी मी फळा भरून लिहिला. युरोपातले गट, दोस्ती, दुष्मनी, सगळं. अक्षर माझं टपोरं, पण खडू कितीही पळवला तरी जिभेची बरोबरी थोडीच करणार! पाच ओळी व्हायच्या आत मागचे बाक कुजबुजायला लागले. कोणी पेन उडवतंय, कोणी जांभई देतंय. लूम आपली चालूच, खटाक-खट. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यापेक्षा मोठी होती. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आलेले मुलांना दिसायला नको होते.

तेव्हा पहिल्या बाकावरची सरला उठली. दोन वेण्या, सावळी, एरवी प्रश्न विचारला तरी पुटपुटणारी मुलगी. घर खात्याच्याच मागे. म्हणाली, "बाई, लिहू नका. बोलूपण नका. नुसते ओठ हालवा. आम्हाले समजस."

मी पाटी पुढे केली. 'काय समजतं?'

"सगळं." तिला माझ्या अडाणीपणाचं नवल वाटलं असावं. "खात्यात कुठे ऐकू येतं बाई? पप्पांना डबा द्यायला गेलं की असंच बोलायचं. घरीपण आई असंच बोलते. पप्पांना आता तसंही कमीच ऐकू येतं."

मी वर्गाकडे बघितलं. ती सगळी मुलं माझ्या ओठांकडे बघत होती, रोजच्यासारखीच. अगं बाई! म्हणजे दात नव्हते मोजत. ही मुलं पहिल्या दिवसापासून मला अशीच ऐकत होती.

राजपुत्राचं आणि देशाचं नाव फळ्यावर लिहिलं, कारण कधी न ऐकलेलं नाव ओठांवरून कसं ओळखणार? मग वळले. आवाज गळ्यातच धरून ठेवला आणि नुसते ओठ हलवले, 'ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला एका तरुणाने गोळी घातली.'

आणि अख्खा वर्ग एका सुरात, मोठ्याने म्हणाला, "ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला एका तरुणाने गोळी घातली!"

काय सांगू तुम्हाला! माझ्या हातातून खडू पडला. बोलले नव्हते मी, आणि माझं वाक्य इतक्या तोंडांतून माझ्याकडे परत आलं होतं. देवळात घंटा न वाजवता नाद यावा तसं झालं. मी पुढचं वाक्य हलवलं, तेही परत आलं. त्या तासाला युरोप पेटला, एकेक देश युद्धात उतरला, आणि मी घशातून हूं की चूं केलं नव्हतं. डॉक्टरांना विचारून घेतलं, ओठ हलवले तर चालेल का? ते हसले. "होठ हलावो ने बेन, जेटला हलाववा होय एटला. अवाज नहीं जोइए."

दोन-तीन दिवसांनी मुलांनी मोठ्याने म्हणणं सोडलं. गरजच उरली नाही. मग जी शांतता सुरू झाली तशी मी त्याआधी पाहिली नव्हती, पुढेही कधी नाही. मागे खातं धडधडतंय, आणि वर्गात टाचणी पडेल तरी कळेल. मी ओठ हलवतेय, मुलं बघतायत, मध्येच सगळ्यांच्या भुवया एकदम वर जातात, मध्येच सगळे एकदम हसतात. एकदा हेडसर खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, आत काहीतरी अघटित घडलंय. पाय न वाजवता आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "काय म्हणतायत गं बाई?" ती म्हणाली, "सर, गप्प बसा ना. पाणबुड्या आल्यात." त्यानंतर रजेची गोष्ट त्यांनी काढली नाही.

पण खरी भीती तर माझ्या आतच होती. मला सवय बोलायची. एखादं वाक्य रंगलं की आवाज घशाच्या दारापर्यंत धावत यायचा. एकदा खंदक शिकवताना एक ठिणगी उडालीच. "चिखल" असा फाटका शब्द बाहेर पडला, आणि अख्ख्या वर्गाने ओठांवर बोट ठेवलं. "बाई!" म्हणून सरला रागावली, अगदी आईसारखी. त्या दिवसापासून माझा गळा त्यांनी राखायला घेतला. मधल्या सुट्टीत कोणी बाहेरच्याने मला काही विचारलं, की माझ्याआधी दोन जण उत्तर द्यायचे.

खंदकांचाच तो तास. मी सांगत होते, तोफा इतक्या धडधडायच्या की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. महिनोन्‌महिने तोच आवाज. मराठवाड्याचा गणेश, अंगाने थोराड, अभ्यासात यथातथा, तो म्हणाला, "बाई, मग ते पण आपल्यासारखेच बोलत असतील की. तोंडाकडं बघून."

मी थांबले. कुठला तो फ्रान्समधला चिखल, कुठली कोण गोरी पोरं, आणि कुठलं हे उधना! पुस्तकात हे नव्हतं, बी.एड.ला मला कोणी सांगितलं नव्हतं. पण असणारच की. माणसं बोलल्याशिवाय थोडीच राहतात? वर्गातला प्रत्येक जण मनातल्या मनात त्या खंदकात जाऊन कुणाच्या तरी ओठांकडे बघत होता. मीसुद्धा.

मग युद्ध थांबलं तो दिवस. अकराव्या महिन्याची अकरा तारीख, सकाळचे अकरा. तोफा एकदम बंद. मी हात आडवा फिरवला आणि ओठ मिटले. आता मुलं टाळ्या वाजवतील असं मला वाटलं. पण गणेश पुन्हा म्हणाला, "त्या रात्री त्यांना झोप लागली नसंल."

मी भुवयांनीच विचारलं, का रे?

"लाईट गेली की खातं बंद होतं ना, तर आमची धाकटी लगेच उठून रडती. खटखट चालू असली की मस्त झोपती. पप्पा पण उठून बसतात. म्हणतात, काय झालं, काय झालं." सगळा वर्ग मान हलवायला लागला. प्रत्येकाच्या घरी हेच. मी ते वर्ष, तो दिवस, तो तास कितीदा शिकवला होता. त्या रात्रीचा विचार मात्र माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

हळूहळू मुलांनी मला खात्यातल्या खुणा शिकवल्या. लूमवर लांबून ओठ दिसत नाहीत, तेव्हा हात बोलतात. डोक्यावर टपली म्हणजे शेठ आला. पोटावरून हात म्हणजे जेवायला चल. धाग्याला ते तार म्हणतात. दोन मुठी जवळ आणून झटक्यात लांब केल्या म्हणजे 'तार तुटली, मशीन थांबव'. आणि अंगठा नि बोट एकमेकांवर फिरवलं, गाठ वळल्यासारखं, म्हणजे 'जोडली, चालू कर'. मला त्याची भारी हौस वाटली. घरी यांना पोटावरून हात फिरवून जेवायला बोलावलं, तर म्हणाले, "पोट दुखतंय का?"

व्हर्सायचा तह आला तेव्हा मी मोठ्या थाटात अंगठा नि बोट फिरवलं. जोडली! सरलाने मान हलवली. नाही. ती तिच्या ओठांनी, आवाज न करता, मला म्हणाली, 'बाई, गाठ घाईत मारली तर तार पुन्हा तिथेच तुटते.' दुसऱ्या महायुद्धाची कारणं मला वेगळी शिकवावी लागली नाहीत.

त्या महिन्यात मी गप्प होते म्हणून किती ऐकलं! पोंकवाल्याची लाकडं तडतडताना ऐकली. खात्याची लय ऐकली, तिच्यात एक लूम जरा लंगडी होती. माझी मुलं बाकांवर बसून श्वास घेतात तेही ऐकलं. ज्यांना मी जूनपासून माझा आवाज ऐकवत होते, ती मुलं इतकी अफाट आहेत हे कळायला माझा आवाज जावा लागला. देवाची करणी म्हणतात ना, तशी.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलं. रस्त्यांवर पतंगाच्या दोरीला रंग देणारे बसले. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, एकच धडा उरला होता, आणि त्याच दिवशी सकाळी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घालून बघितलं. "सरस!" म्हणाले. "आजथी बोलो, बेन." मी नुसती मान हलवली. पहिला शब्द मला तिथे खर्चायचा नव्हता. रिक्षावाल्यालासुद्धा हातानेच उधना दाखवलं. पहिला शब्द माझ्या वर्गाचा. काय बोलायचं, कसं बोलायचं, मुलं कशी दचकतील, रिक्षात बसून मी एकटीच हसत होते.

वर्गात शिरले. फळ्यावर लिहिलं, 'हिरोशिमा'. वळले. आवाज घशात तयार, अगदी दाराशी. आणि समोर ती सगळी तोंडं, माझ्या ओठांवर खिळलेली. मला नाही झालं. ती सकाळ, कामावर निघालेली माणसं, शाळेत निघालेली पोरं, वरून आलेलं ते एकच विमान, तो उजेड, हे मोठ्याने कसं बोलायचं असतं? मी ओठच हलवले. शेवटचं वाक्य अगदी सावकाश. 'त्यानंतर तिथे काही उरलं नाही.'

सरलाने दोन मुठी छातीपाशी आणल्या आणि झटक्यात लांब केल्या. तार तुटली. मशीन थांबव. तिच्या मागे गणेशने तसंच केलं. मग त्याच्या शेजारचीने. मग एकेक बाक, एकेक रांग, अख्खा वर्ग मुठी लांब करून माझ्याकडे बघत होता, माझ्या हातात कुठलीतरी कळ असल्यासारखा. भिंतीपलीकडे खातं धडधडत होतं. मी इतिहासाची बाई, आणि इतिहास म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं. मी टेबलाला धरून उभी राहिले.

मग सरलाने मुठी सोडल्या. अंगठा नि बोट एकमेकांवर फिरवलं आणि भुवया वर केल्या. मग जोडली का बाई?

आता मला आवाज होता. महिनाभर सांभाळलेला, मुलांनी राखलेला, स्वच्छ. सगळा वर्ग उत्तराची वाट बघत होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या नव्या आवाजातले पहिले शब्द बाहेर पडले.

"माहीत नाही."

आणि एकच कल्ला! "बाई बोलल्या! बाई बोलल्या!" बाक बडवले गेले, गणेश बाकावर चढला, सरला हसत हसत रडायला लागली. शेजारच्या वर्गातून भूमितीच्या बाई धावत आल्या. मी काय बोलले याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मी बोलले, यातच सगळं आलं. मीही रडले, लपवलं नाही.

नोकरी पुढे कायम झाली, निवृत्तही झाले. आवाज जरा जाडसर राहिला, तो राहिलाच. पुढच्या कितीतरी वर्गांना मी मोठ्याने महायुद्धं शिकवली. छानच शिकवली असतील. पण त्या शेवटच्या धड्याला मी दरवर्षी आवाज बंद करायची.

यंदाच्या उत्तरायणाला आमच्या गच्चीवर बसले होते. चारी बाजूंनी भोंगे, "काप्यो छे!"च्या आरोळ्या, स्वतःचा विचारही ऐकू येईना. गल्लीपलीकडच्या गच्चीवर सरला होती. ती आता इथेच राहते, तिची मुलगी यंदा दहावीला. पतंग मुलगी उडवत होती, फिरकी सरलाने धरलेली. मला बघून तिने एवढ्या गोंगाटात ओठ हलवले, 'बाई, पोंक खाल्ला का? घसा कसा आहे?' मी ओठांनीच म्हटलं, 'बरा आहे. पोरीची तयारी कुठवर?' 'दुसरं महायुद्ध चालू आहे,' ती म्हणाली आणि हसली.

तेवढ्यात त्यांचा पतंग कापला गेला. सरलाने फिरकी काखेत धरली, मला बघून दोन मुठी जवळ आणल्या आणि लांब केल्या. मग, जुन्या खोडीने, अंगठा नि बोट फिरवून भुवया वर केल्या.

मीही हात वर केला. अंगठा नि बोट एकमेकांवर फिरवायला लागले. जोडली असं म्हणायचं असेल तर एकदाच फिरवून हात खाली घ्यायचा असतो. मी खाली घेतला नाही. ती बघत होती, तिची मुलगीही आता माझ्या हाताकडे बघत होती, आणि मी आपली फिरवतच राहिले.